नकाशावरचा गाळा : टेमघरमधील छोटे व्यवसाय आणि स्थानिक शोध

मोबाइलवरील नकाशात ‘जवळचा पंक्चरवाला’ किंवा ‘मोटर वाइंडिंग’ असे शोधल्यावर जी दोन-तीन नावे वर येतात, त्यांत आपले नाव कसे यावे, हा प्रश्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत छोट्या व्यावसायिकांच्या विवंचनांत गाळ्याचे भाडे आणि वीजबिल यांच्या शेजारी येऊन बसला आहे. ज्या शोधाचे उत्तर शोधणारा कोठे उभा आहे यावर अवलंबून असते, त्याला स्थानिक शोध म्हणतात. या शोधात वर येण्याविषयीचे बहुतेक लेखन त्याकडे जाहिरातीचा एक प्रकार म्हणून पाहते आणि युक्त्यांच्या याद्या देते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या शहरातून राजनोली नाक्याकडे निघालेल्या कल्याण रस्त्यावरील टेमघरसारख्या वस्तीच्या अंगाने हा विषय तपासला, तर तो प्रामुख्याने नोंदीचा ठरतो. जे नाव, जो पत्ता आणि धंद्याचे जे वर्णन वर्षानुवर्षे तोंडी चालत आले, ते लेखी, अचूक आणि सर्वत्र एकसारखे उतरवणे हे येथले खरे काम आहे, आणि युक्त्यांचा क्रम त्यानंतर लागतो.

या नोंदीचा इतिहास नकाशापेक्षा जुना आहे. टेलिफोन डिरेक्टरीची पिवळी पाने हे तिचे पहिले रूप होते. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जस्टडायलने तीच माहिती फोनवरून विचारता येईल अशी सोय केली आणि ग्राहकाच्या प्रश्नाला पुस्तकाऐवजी माणसाचा आवाज उत्तर देऊ लागला. गुगलचा नकाशा २००५ मध्ये आला. व्यावसायिकांना त्यावर आपली माहिती भरण्यासाठी दिलेले दालन प्रथम ‘लोकल बिझनेस सेंटर’, २०१० मध्ये ‘प्लेसेस’, २०१४ मध्ये ‘माय बिझनेस’ आणि २०२१ पासून ‘बिझनेस प्रोफाइल’ या नावाने ओळखले गेले. एखाद्या पुतण्याकडून एकदा शिकून घेतलेली गोष्ट दुकानदाराला पुनःपुन्हा नव्याने का शिकावी लागते, याचे उत्तर या नामांतरांत आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये शोधाच्या पहिल्या पानावर दिसणाऱ्या स्थानिक नावांची संख्या सातावरून तीनवर आली, त्यामुळे चौथ्या ते सातव्या जागेवरचे व्यवसाय एका दिवसात पडद्याआड गेले. याच दालनातून फुकट तयार करून मिळणारी छोटी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद झाली. परक्याच्या जागेत बांधलेल्या शेडसारखी ही व्यवस्था आहे. सोय भरपूर, पण करार एकतर्फी.

गुगलने स्थानिक क्रमवारीचे तीन निकष जाहीर केले आहेत. सुसंगती म्हणजे शोधणाऱ्याने मागितलेले आणि नोंदीत लिहिलेले यांचा मेळ. अंतर म्हणजे शोधणाऱ्यापासून, किंवा त्याने ज्या ठिकाणाचे नाव घेतले तेथपासून, दुकान किती दूर आहे ते. आणि ख्याती म्हणजे ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय, इतर संकेतस्थळांवरील उल्लेख आणि दुवे यांवरून यंत्राने बांधलेला अंदाज. या तिघांना किती वजन दिले जाते हे कंपनी सांगत नाही. हा क्रम पैसे देऊन विकत घेता येत नाही, एवढे मात्र ती स्पष्ट सांगते, आणि जाहिरातीसाठी विकलेल्या जागांवर तसा शिक्का असतो. अंतराच्या निकषामागे भूगोलातील एक जुने तत्त्व आहे: अमेरिकी भूगोलतज्ज्ञ वाल्डो टोबलर यांनी १९७० मध्ये मांडले की सर्व गोष्टींचा एकमेकींशी संबंध असला तरी जवळच्या गोष्टींचा तो अधिक घट्ट असतो. याचा व्यावहारिक अर्थ कठोर आहे. धामणकर नाक्यावर उभा असलेला माणूस किराणा दुकान शोधत असेल, तर टेमघरच्या किराणा दुकानाने नोंद कितीही सजवली तरी ते त्याला दिसण्याची शक्यता नगण्य आहे, आणि दिसले तरी तो तेथवर येणार नाही. मात्र माल किंवा कौशल्य जितके दुर्मीळ, तितकी अंतराची पकड सैल होते, कारण जवळच्या दुकानात हवी ती वस्तू मिळण्याची शक्यता कमी असेल तर यंत्र लांबच्या दुकानाला वर घेऊ शकते, असे कंपनीच म्हणते. यंत्रमागाचे सुटे भाग विकणारा, जळालेली मोटर भरून देणारा किंवा टेम्पोचे पाटे दुरुस्त करणारा यांना नकाशाचा जो उपयोग आहे, तो चहाच्या टपरीला नाही. ‘सेवाक्षेत्र’ या रकान्यात ठाणे, कल्याण, उल्हासनगर अशी नावे भरली की त्या शहरांतही आपण दिसू, ही समजूत सर्वत्र आढळते. त्या रकान्याने ग्राहकाला माहिती मिळते, क्रम सुधारत नाही, यावर या क्षेत्रातील जाणकारांचे बऱ्यापैकी एकमत आहे.

टेमघरची पहिली अडचण नावातच आहे. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत आणि वरसगाव या धरणांच्या मालिकेतील चौथे, मुठा नदीवरचे धरण टेमघर याच नावाचे आहे, आणि पावसाळ्यात त्याच्या पाणीसाठ्याच्या बातम्या या नावाचा शोध व्यापून टाकतात. भिवंडीच्या टेमघरचेही नाव पाण्याशीच जोडलेले आहे: ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर परिसराला पाणी पुरवणाऱ्या ‘स्टेम’ या यंत्रणेच्या नावातील अक्षरे शहाड आणि टेमघर या दोन ठिकाणांवरून आली आहेत. म्हणजे नुसते ‘टेमघर’ लिहिणाऱ्या दुकानाची गाठ एका धरणाशी आणि एका जलशुद्धीकरण केंद्राशी पडते. त्यात रोमन लिपीतील गोंधळाची भर असते. भिवंडीतील ‘व’ कुणी व्हीने लिहितो, कुणी डब्ल्यूने, आणि टेमघरला कुणी ‘पाडा’ जोडतो, कुणी दोन शब्द करतो. यंत्र अशा भेदांना बऱ्याच अंशी एकत्र आणते, पण एकाच दुकानाचे नाव आणि पत्ता नकाशावर एक, जस्टडायलवर दुसरा, जीएसटीच्या प्रमाणपत्रावर तिसरा असेल, तर ही तीन दुकाने आहेत की एक, याची खात्री त्याला पटत नाही आणि कधी कधी एकाच गाळ्याच्या दोन नोंदी तयार होतात. नाव, पत्ता आणि फोन या त्रयीचा सर्वत्र एकच पाठ ठेवावा, हा या विषयातील सर्वांत नीरस पण सर्वांत टिकाऊ सल्ला आहे. पत्त्यात ‘टेमघर, कल्याण रोड, भिवंडी, जिल्हा ठाणे’ असा पूर्ण क्रम असला, की पुण्याकडच्या धरणाशी घोटाळा होण्याचे कारण उरत नाही.

पत्त्याचा प्रश्न मात्र स्पेलिंगने संपत नाही, आणि या विषयाचा सर्वांत सकस भागही तोच आहे. भिवंडीतील औद्योगिक पत्ता हा क्रमांक आणि रस्ता यांनी बनत नाही. तो गाळा, कंपाउंड आणि खूण यांनी बनतो. ‘गाळा नंबर ४, अमुक कंपाउंड, पाण्याच्या टाकीच्या मागे’ हा पत्ता टेम्पोवाल्याला पुरेसा असतो, कारण कंपाउंड कोणत्या घराण्याच्या नावाने ओळखले जाते आणि टाकी कोणती, हे त्याला ठाऊक असते. यंत्राला ते ठाऊक नसते. लिहिलेल्या पत्त्याचे अक्षांश-रेखांशात रूपांतर करण्याच्या क्रियेला भूसंकेतन म्हणतात, आणि कंपाउंडचे नाव यंत्राच्या यादीत नसेल तर ही क्रिया एकेक पायरी खाली उतरते: प्रथम रस्ता, मग वस्ती, मग पिनकोडचा परिसर; जेथे ओळख पटेल तेथल्या मध्यबिंदूवर खुणेचा ठिपका, म्हणजे पिन, टोचला जातो. त्यामुळे एकाच वस्तीतील अनेक व्यवसाय रस्त्याच्या एकाच बिंदूवर गर्दी करून बसलेले आढळतात. भारतीय माणूस खुणांनी वाट सांगतो, ही गोष्ट गुगलने २००९ च्या अखेरीस भारतातील मार्गदर्शनात पेट्रोल पंप, देऊळ, दवाखाना अशा खुणा घालून मान्य केली होती. वाट सांगणे सुधारले, तरी पत्ता समजून घेण्याचे काम मागेच राहिले.

चूक केवढी महाग पडते, हे आकड्यांनी स्पष्ट होते. भिवंडीच्या परिसरात अक्षांश किंवा रेखांशाच्या आकड्यात दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या अंकात एकाचा फरक पडला, तर जमिनीवर ठिकाण सुमारे १०५ ते १११ मीटर सरकते. एवढ्या अंतरात पिन कंपाउंडच्या फाटकावरून मागच्या भिंतीपलीकडच्या गल्लीत जाऊ शकतो, आणि सुताचे बाचके घेऊन आलेला टेम्पो जेथे आत शिरायला वाटच नाही अशा ठिकाणी पोहोचतो. म्हणून पिन हाताने ओढून बसवणे आणि तो गाळ्याच्या छपरावर न ठेवता वाहन जेथून आत शिरते त्या दाराजवळ ठेवणे, हे अर्ध्या तासाचे काम पुष्कळ काही मिळवून देते. ठिकाणाचा छोटा संकेत म्हणून वापरला जाणारा दहा अक्षरांचा ‘प्लस कोड’ सुमारे १४ मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवतो. दहा-बारा फुटी दर्शनी भागाचे तीन-चार गाळे त्यात सहज मावतात. भारतीय टपाल खात्याने २०२५ च्या मे महिन्यात आणलेला ‘डिजिपिन’ हाही दहा अक्षरांचा आहे, पण त्याचा चौकोन साधारण ४ मीटरचा असल्याने तो एकेक गाळा वेगळा ओळखू शकतो. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने ही पद्धत घडवली गेली. तळमजल्यावरचा गाळा आणि त्याच्याच डोक्यावरचा गाळा यांत भेद करणे मात्र दोहोंनाही जमत नाही, कारण उंची या संकेतांत येत नाही. माळ्यावर शिलाई मशीन टाकून बसलेल्या कारागिराला आजही जिना कोणत्या बाजूने आहे हे शब्दांत लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

नावाच्या रकान्यात दुकानाचे पाटीवरचे नाव लिहावे, एवढीच अपेक्षा असते. तरीही ‘अमुक इलेक्ट्रिकल्स, टेमघर भिवंडी मोटर रिवाइंडिंग बेस्ट सर्व्हिस’ अशी गाडीभर नावे दिसतात. नावात शोधाचे शब्द कोंबल्याने काही काळ फायदा होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि म्हणूनच ती खोड जात नाही. पण ते नियमाविरुद्ध आहे, शेजारच्या स्पर्धकाने कळवले की नोंद निलंबित होऊ शकते, आणि मग पुराव्याची वेळ येते तेव्हा पाटीवरचे नाव जुळत नाही. महाराष्ट्रात या पाटीला कायद्याचेही अंग आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. नोंदीच्या पडताळणीसाठी आता पुष्कळदा एकसंध चित्रफीत मागितली जाते, ज्यात आजूबाजूचा रस्ता, पाटी, आतली साधने आणि मालकाचा तेथील ताबा दिसावा लागतो. पाटीवर देवनागरी नाव आणि नोंदीत रोमन लिपीतले भलतेच लांबलचक नाव, असा प्रकार या टप्प्यावर अडतो. शक्य तेथे दोन्ही लिप्यांत पाटी रंगवून घेणे हा साधा आणि स्वस्त उपाय आहे.

सुसंगतीच्या निकषात धंद्याचा वर्ग आणि भाषा या दोन बाबी येतात, आणि भिवंडीत त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. या शहरात मराठी, उर्दू, हिंदी बोलणारे आहेत, पद्मनगरात तेलुगू विणकरांची मोठी वस्ती आहे. मोटरच्या दुकानाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. मराठी ग्राहक म्हणतो, ‘मोटर भरायला टाकायची आहे’; उत्तरेकडून आलेला कारागीर मोबाइलला तोंडाजवळ धरून ‘मोटर बाइंडिंग’ म्हणतो; कारखान्याचा मॅनेजर इंग्रजीत ‘रिवाइंडिंग’ टंकतो. दुकान एकच, काम एकच, शब्द तीन. नोंदीत एक मुख्य वर्ग आणि जास्तीत जास्त नऊ उपवर्ग निवडता येतात, आणि ते ठरावीक यादीतूनच घ्यावे लागतात. मालकाने मुख्य वर्ग ‘इलेक्ट्रिशियन’ असा निवडला, तर तो घरातली वायरिंग करणाऱ्या शेकडो लोकांच्या रांगेत उभा राहतो. ‘इलेक्ट्रिक मोटर दुरुस्ती’ निवडला, तर रांग एकदम छोटी होते. वर्ग जेवढा नेमका तेवढा बरा, आणि बोलीतले शब्द साडेसातशे अक्षरांपर्यंतच्या वर्णनात व सेवांच्या यादीत जावेत. धोटा, कांडी, बीम यांसारख्या मागाच्या वस्तूंसाठी स्वतंत्र वर्ग मिळेलच असे नाही, तेथे जवळचा व्यापक वर्ग घेऊन वस्तूंची नावे छायाचित्रांसह मांडावी लागतात. ग्राहकांच्या अभिप्रायांतील शब्दही शोधात उपयोगी पडतात. ‘एक एचपीची मोटर दुसऱ्या दिवशी भरून दिली’ असे लिहिणारा ग्राहक ‘नंबर वन सर्व्हिस’ लिहिणाऱ्यापेक्षा दुकानाचे अधिक भले करतो.

अभिप्रायांविषयी अर्थशास्त्रातील सर्वांत जास्त उद्धृत झालेला अभ्यास तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये असलेल्या मायकेल लुका यांचा, २०११ सालचा आहे. सिअॅटलमधील उपाहारगृहांच्या ‘येल्प’ या अभिप्राय-संकेतस्थळावरील गुणांकनाची त्यांच्या महसुलाशी तुलना करून त्यांनी दाखवले, की एका ताऱ्याच्या वाढीने महसूल ५ ते ९ टक्क्यांनी वाढतो, आणि हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांवर दिसतो, साखळी उपाहारगृहांवर दिसत नाही. ज्याच्या नावावर आधीपासून विश्वास आहे त्याला ताऱ्यांची गरज कमी, अनोळखी दुकानाला जास्त, असा त्याचा अर्थ. टेमघरला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे धाडसाचे होईल, कारण खाणावळ निवडणारा अनोळखी असतो, तर मोटर भरून घेणारा बहुधा कुणाच्या तरी ओळखीने येतो. तरी राजनोली नाक्यावर बंद पडलेल्या ट्रकचा परराज्यातील ड्रायव्हर हा पूर्णपणे ताऱ्यांवर विसंबतो. अभिप्राय मागण्यास हरकत नाही, सूट देऊन ते मिळवण्यास आहे, आणि खूश ग्राहकालाच दुवा पाठवून नाराजाला वगळण्यासही नियमांची मनाई आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. ते ऐच्छिक स्वरूपात आले, त्यामुळे त्याचा धाक मर्यादित आहे. वाईट अभिप्रायाला दोन ओळींत, न चिडता उत्तर देणे हे दुकानदाराच्या हाती उरते, आणि ते वाचणारा पुढचा ग्राहक असतो.

खोट्या नोंदींवर गुगल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लाखाहून अधिक बनावट नोंदी तपासल्या गेल्या आणि त्यांतील सुमारे ४० टक्के नोंदी कुलूपवाले, नळकारागीर यांसारख्या बोलावल्यावर घरी येणाऱ्या कारागिरांच्या नावाने निघाल्या. पत्ता नसलेल्या धंद्यात पत्ता बनवणे सोपे, हे त्यामागचे साधे गणित आहे. छोट्या गावांतील व्यवहारात याहून नित्याचा त्रास मध्यस्थांचा असतो. ‘नोंदीची मुदत संपली, पैसे भरा’ असे फोन येतात, वास्तविक ही नोंद निःशुल्क आहे आणि तिला मुदत नसते. कुणी तरुण हजार-दोन हजार रुपये घेऊन नोंद करून देतो, ती स्वतःच्या ईमेलवर काढतो, आणि फोन नंबर बदलायची वेळ येते तेव्हा त्याचा पत्ता लागत नाही. मालकी दुकानाच्या ईमेलवर आणि मदतनिसाला केवळ व्यवस्थापकाचा अधिकार, ही विभागणी पहिल्या दिवशी केली तर हे टळते.

क्रमवारीच्या घटकांविषयी या व्यवसायातील सल्लागारांची मते गोळा करणारी पाहणी डेव्हिड मीम यांनी २००८ मध्ये सुरू केली आणि ती पुढे व्हाइटस्पार्क या कॅनडातील संस्थेचे डॅरेन शॉ चालवू लागले. ती उपयुक्त आहे, मात्र ती मतांची पाहणी आहे, प्रयोग नव्हे, आणि तिच्यातील अनुभव मुख्यतः अशा शहरांचा आहे जेथे प्रत्येक इमारतीला रस्त्यावरचा क्रमांक असतो. तेथे पत्ता हा सुटलेला प्रश्न असल्याने सल्लागारांचे लक्ष दुवे आणि अभिप्राय यांच्याकडे जाते. मराठीत आणि हिंदीत येणारे बहुतेक मार्गदर्शन त्याच याद्यांचे रूपांतर असल्याने टेमघरच्या दुकानदाराला दुवे-अभिप्रायांची पुढची पायरी आधी शिकवली जाते आणि पत्त्याची पहिली वगळली जाते. भिवंडीच्या अर्थव्यवस्थेचा मोठा भाग या शोधात मुळी येतच नाही, हेही या लेखनातून निसटते. सुताला खळ लावणारा सायझिंगवाला, कोऱ्या (ग्रे) कापडाचा दलाल, दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर माग चालवणारा यांचा ग्राहक ठरलेला असतो आणि व्यवहार शब्दावर चालतो. त्यांच्यासाठी नकाशावरची नोंद म्हणजे फार तर ट्रकला वाट सापडण्याची सोय. त्यांना अभिप्रायांच्या मागे लावणारा सल्लागार त्यांचा वेळ आणि पैसा दोन्ही वाया घालवतो.

वेळापत्रकाची बाब छोटी दिसते, पण ‘उघडे आहे’ असे दाखवणाऱ्या आणि प्रत्यक्षात शटर ओढलेल्या दुकानाइतके ग्राहकाला चिडवणारे दुसरे काही नसते. शुक्रवारी दुपारच्या नमाजाची विश्रांती, रमजानमध्ये रात्री उशिरापर्यंत चालणारा बाजार, गणपतीतली गावाकडची सुट्टी, लांबलेले भारनियमन, यांपैकी कशाचीच कल्पना यंत्राला आपण होऊन नसते. ‘विशेष वेळा’ या रकान्यात ती हाताने भरावी लागते. खुणाही बदलत असतात. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या आराखड्यात गोपाळनगर आणि राजनोली यांच्या मधल्या स्थानकाचे नाव टेमघर आहे. ते सुरू झाल्यावर ‘टाकीच्या मागे’ या जागी ‘स्टेशनच्या अमुक जिन्यासमोर’ असे लोक सांगू लागतील, या नावाच्या शोधात धरण आणि जलशुद्धीकरण केंद्र यांच्या पुढे स्थानक येईल, आणि प्रत्येक गाळेवाल्याला आपला पत्ता, खूण आणि दारापाशी बसवलेला पिन नव्याने तपासून घ्यावा लागेल.